प्लगवरचं पाणी

जळगावच्या आकाशवाणी चौकात सिग्नल सुटला, हितेंद्रने क्लच सोडला आणि ट्रकने एक झटका दिला. झटका लहानच होता. मागच्या डाळीच्या पोत्यांना तो कळलाही नसेल. ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी सांडलं नाही, बाजूने स्कूटी ढकलत चाललेल्या बाईने मान वळवली नाही. पण हितेंद्रच्या मांडीखालून तो वर चढला आणि पोटात येऊन बसला. त्याने रेडिओ बंद केला, वायपर बंद केला आणि कान दिला. चारातला एक सिलिंडर गप्प होता. बाकीचे तीन चौथ्याचं ओझं ओढत, लंगडत चालले होते. गाडी मिस मारत होती. बाहेर श्रावणातला चिकट पाऊस सकाळपासून एका चालीत पडत होता, आणि समोरच्या काचेखालून कुठून तरी आत शिरलेलं पाणी इंजिनावर उतरून प्लगच्या खड्ड्यात साचलं होतं, हे त्याला न बघताच कळलं. डिझेलची गाडी असती तर तिने या पाण्याला विचारलं नसतं. ही सीएनजीची. हिला ठिणगी लागते, आणि ठिणगीला पाणी चालत नाही. हे सगळं त्याला तोतारामनेच समजावलं होतं. तोतारामनेच मागच्या आठवड्यात पॅकिंग बदललं होतं. त्याच्या आधीही तोतारामनेच बदललं होतं. चौक मागे पडला, आणि गिरणेच्या पुलाकडे उतरताना हितेंद्रच्या डोक्यात एक शब्द आला. तो आला तसा त्याने हाकलला नाही. तो शब्द होता 'मुद्दाम'.

तोताराम मिस्त्रीचं गॅरेज धुळ्यात, पारोळा रोडवर. पत्र्याचं छप्पर, तेलाने काळी पडलेली जमीन, बाहेर एक मेलेला टँकर कित्येक वर्षं उभा. हितेंद्र आणि तोताराम साक्रीकडच्या एकाच गावचे. पोरवयात दोघे एकाच ट्रकवर क्लीनर होते. एक ड्रायव्हर झाला, एक मिस्त्री. हितेंद्र जळगावला आला, त्याने फ्लॅट घेतला, बायकोने, सुलक्षणाने, बाल्कनीत तुळस लावली. घरात तो शहरातली मराठी बोलायला लागला होता. रस्त्यावर, टपरीवरही तीच. तोताराम दिसला की मात्र तोंडात गावची बोली येई, आणि त्याच्या गॅरेजमध्ये पाय ठेवला की दुसरं काही बोलायचं म्हटलं तरी जमत नसे. तोतारामच्या हाताला ठिणगी कळते, असं लोक म्हणत. तो इंजिनावर नुसता हात ठेवी आणि सांगे, दुसऱ्या नंबरला काहीतरी आहे. हितेंद्रने हे कौतुक किती जणांना ऐकवलं असेल. आता, पुलावर लंगडत्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये ओढताना, तेच कौतुक उलटं फिरून त्याच्याकडे आलं. ज्याच्या हाताला एवढं कळतं, त्याच्या हातून तीच चूक पुन्हा पुन्हा कशी होईल?

पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली. हितेंद्रने चावी फिरवली, स्टार्टर रडला, पुन्हा फिरवली. आरशात पाठीमागून येणारा टँकर मोठा मोठा होत गेला. पावसात त्याचे दिवे पिवळ्या गोळ्यांसारखे विरघळलेले दिसत होते. हितेंद्रने दार उघडून हात बाहेर काढला आणि हलवत राहिला, ओरडत राहिला, आणि ओरडतानाच त्याला वाटलं की आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. टँकर अगदी शेवटी वळला. त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी भिंतीसारखं येऊन हितेंद्रच्या तोंडावर आदळलं. तो नंतर बराच वेळ सीटवर बसून होता. खाली गिरणा गढूळ, भरलेली, शांत वाहत होती. त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं, अंगातला शर्ट काढून प्लगचे खड्डे पुसले, टोप्या फुंकून फुंकून कोरड्या केल्या. तोतारामने ट्यूबच्या रबराची छोटी पन्हळ बनवून प्लगच्या वर बसवली होती, वरून येणारं पाणी बाजूला वाहून जावं म्हणून. तिची कड आतल्या कोपऱ्यात उचललेली होती. बोट फिरवताच कळत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

हितेंद्रचा बाप, उखर्डू आबा, गावाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फाटकावर होता. काम सुटलं की बाया रांगेने बाहेर पडत आणि आबा त्यांच्या डब्यांत, पिशव्यांत, पदराच्या गाठीत कापूस शोधी. लहान हितेंद्र कधीमधी त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाई आणि फाटकाच्या बाजूला उभा राहून ते बघे. बायांच्या चेहऱ्यांवर राग नसे, लाजही नसे, नुसता कंटाळा असे. घरी आल्यावर आबा जेवता जेवता म्हणे, "बठ्ठा लई जातस रे. कोन्ही रिकामा हाते जात नही." सगळेच काही ना काही घेऊन जातात. हे तो रागाने म्हणत नसे, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणे. म्हातारपणी आबा बाजेवर पडून असताना सुनेने पाण्याचा तांब्या दिला तरी तो आधी वास घेई. सुलक्षणा रडायची. हितेंद्र तिला समजवायचा, की त्यांचं वय झालंय. पण आबाला तांब्याचा वास घेताना बघितलं की त्याच्या स्वतःच्या नाकपुड्याही नकळत हलत, हे त्याला माहीत होतं. सुलक्षणाने कधी भांडणात म्हटलं होतं, "तुमच्यात आबाच आहेत, फक्त तुम्ही कपडे बरे घालता." तेव्हा तो हसला होता.

आता आबा त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्यासारखा होता. पारोळा आलं, गेलं. तोतारामने मुद्दाम करायला कारण काय? कारण शोधायला लागलं की कारण सापडतंच. हा ट्रक घ्यायचा ठरला तेव्हा तोताराम म्हणाला होता, दोघं मिळून घेऊ, तू चालव, मी सांभाळतो. हितेंद्रने उत्तर न देता विषय बदलला होता आणि ट्रक एकट्याच्या नावावर घेतला होता. तोतारामने त्यावर कधी अक्षर काढलं नाही. पेढे खाल्ले, बोनेटवर कुंकवाचं बोट लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. जो माणूस अशा गोष्टीवर अक्षर काढत नाही, त्याच्या पोटात ती असते कुठे? ती जाते कुठे? मुकटी, फागणे. वायपर समोरचा रस्ता पुसत होता आणि रस्ता पुन्हा पुसट होत होता.

गॅरेजमध्ये तोताराम एका टेम्पोखाली झोपला होता. बाहेर आला, ट्रककडे बघितलं, कपाळाला आठी घातली.

"आते काय जायं?"

"तेच. पुलावर बंद पडनी. मरता मरता वाचनू."

तोतारामने केबिनमध्ये चढून झाकण उघडलं, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघितलं. बघितलं, हात लावला नाही. हे हितेंद्रने टिपलं. पूर्वी हा माणूस बघायच्या आधी हात लावी.

"पानी पडस प्लगवर. पन्हळ परत बसाडनी पडी," तोताराम म्हणाला. मग नजर न देता, "तू जाय, हिलालकडे चहा पी ये."

"मी आठेच बसस."

"जाय ना भो. आठे गर्दी नको करू."

एका माणसाची गर्दी. हितेंद्र उतरला. उतरताना त्याला तोतारामच्या उजव्या हाताच्या बाजूला भाजल्याचा मोठा फोड दिसला, फुटलेला, त्यावर तेल आणि धूळ बसलेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं, जणू मुठीत काहीतरी धरून ठेवलंय आणि ते कुणाला दिसू द्यायचं नाही. हितेंद्रच्या पाठीमागे केबिनचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

रस्त्यापलीकडे हिलालची चहाची टपरी. बाकावर प्रेमराज बसला होता. त्याच्या दोन गाड्या दोंडाईचा लाइनवर चालत आणि दोन्ही तोतारामकडे येत. प्रेमराजने विचारलं, गाडी का उभी? हितेंद्र सांगायला लागला. पुलाचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. ऐकणारे जवळ सरकले. मग तो शब्द बाहेर आला. तो कसा आला हे हितेंद्रला पुढे अनेकदा आठवून बघावंसं वाटलं. त्याने काही ठरवलं नव्हतं. पण गोष्टीला शेवट लागतो, आणि ऐकणारे शेवटाची वाट बघत होते.

"मुद्दाम करतो तो," हितेंद्र म्हणाला.

हिलालने गाळणी तशीच हातात धरली. "तोतारामभाऊ?"

"दार लावून काम करतो आता. आपल्याला चहाला पाठवतो. का पाठवतो?"

प्रेमराजने कपातल्या चहाकडे बघितलं. "मलाही पाठवतो," तो हळूच म्हणाला. "मी म्हटलं, प्रेमाने पाठवत असेल."

त्या क्षणी हितेंद्रला बरं वाटलं. आपल्या एकट्याच्या डोक्यात होतं ते दुसऱ्याच्याही तोंडावर दिसलं की जे बरं वाटतं, तसं. परतीच्या रस्त्यावर गाडी नीट चालली तेव्हा मात्र त्याला चमत्कारिक राग आला. बंद पडायला हवी होती, असं त्याला वाटलं.

पुढच्या फेरीला प्रेमराजच्या गाड्या फागण्याजवळच्या दुसऱ्या गॅरेजसमोर उभ्या दिसल्या. त्याच्या पुढच्या फेरीला तोताराम आपल्या दारात खुर्ची टाकून एकटा बसला होता. गाड्या नव्हत्या. पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या. त्याने हितेंद्रकडे बघून हात वर केला, नेहमीसारखा. हितेंद्रने हॉर्न दिला आणि न थांबता पुढे गेला. आरशात तो हात बराच वेळ वर दिसत राहिला. घरी सुलक्षणाने विचारलं, "तोतारामभाऊंकडे थांबला होतात का? कोकिळावहिनीचा फोन होता, तुम्ही रागावलात का विचारत होती." कोकिळा ही तोतारामची बायको. "मी कशाला रागावू?" हितेंद्र म्हणाला, आणि त्याने या वाक्याचाही वास घेतला. कोकिळावहिनीने का विचारावं? म्हणजे रागावण्यासारखं काहीतरी केलंय हे त्यांना ठाऊक आहे. तो गॅलरीत उभा राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवत होतं. दगड ठेवून झाल्यावर तो माणूस थोडा वेळ तिथेच उभा राहून झाकणाकडे बघत राहिला. त्याला दगडाची खात्री वाटत नसावी.

पोळ्याच्या आधी पाऊस पुन्हा लागला आणि आकाशवाणी चौकातला तो झटका पुन्हा आला. या वेळी हितेंद्रने ठरवलं की बघायचं. डोळ्यांनी बघायचं. भर दुपारी तो गॅरेजवर पोचला, काही न झाल्यासारखा बोलला, आणि तोतारामने चहाला जायला सांगण्याआधी स्वतःच म्हणाला, चहा पिऊन येतो. रस्ता ओलांडून तो हिलालच्या टपरीमागून फिरला, परत रस्ता ओलांडला आणि मेलेल्या टँकरच्या आडोशाला उभा राहिला. टँकरला गंज, जुनं तेल आणि ओल्या मातीचा वास होता. आपण आत्ता कसे दिसत असू, असं त्याच्या मनात आलं. मग तो टँकरच्या कडेने पुढे सरकला आणि आपल्याच ट्रकच्या डाव्या काचेतून आत डोकावला. काचेवरून पाणी वाहत होतं. आतलं सगळं हलत्या पाण्यातून बघावं तसं दिसत होतं.

तोताराम गुडघ्यांवर बसला होता. झाकण उघडं होतं. त्याने पन्हळ बसवलेली होती आणि आता तो इंजिनावर वाकला, डोकं आत घातलं, आणि रबराच्या कडेला तोंड लावलं. हितेंद्रला आधी वाटलं, तो काहीतरी ऐकतोय. मग वाटलं, फुंकर मारतोय. पण तोताराम ओठ रबराला टेकवून हळूहळू, कडेकडेने सरकत होता. मध्येच थांबे, अंगठ्याने कुठे तरी दाबे, पुन्हा ओठ टेकवी. देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकावं तसा त्याचा एक हात बाजूला टेकलेला होता, आणि तो टेकलेला हात गरम नळीवर होता. नुकत्याच बंद झालेल्या इंजिनाची नळी. तिच्यावर हात ठेवून माणूस असा शांत बसू शकत नाही. हितेंद्रच्या डोक्यात आबा ओरडला, की थुंकतोय, पाणी सोडतोय तोंडातून. आणि त्याने दार उपटल्यासारखं उघडलं.

"काय करी ऱ्हायना तू? थुंकी ऱ्हायना?"

तोतारामने मान वर केली. त्याच्या दोन्ही ओठांवरून ग्रीसची काळी रेघ गेली होती. तो इतका दचकला की काही क्षण त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं काहीतरी आलं.

"काही नही. पॅकिंग दखी ऱ्हायनू."

"तोंडघाई?" पॅकिंग कुणी तोंडाने बघतं का?

हितेंद्रची नजर त्या हाताकडे गेली. "हात काढ. भाजाई ऱ्हायना हात." तोतारामने खाली बघितलं, आपला हात तिथे असल्याचं त्याला बघूनच कळलं, आणि मग त्याने तो उचलला, घाई न करता. तळव्याची कड लाल, पांढरट झाली होती. हितेंद्र केबिनमध्ये चढला. त्याने तो हात धरला.

"दखाड."

"सोड रे."

"तुले दुखत नही?"

पावसाचा आवाज पत्र्यावर एकदम वाढला. तोतारामने हात ओढून घेतला नाही. त्याने डोळे मिटले.

"दाब," तो म्हणाला. हितेंद्रने करंगळी दाबली. "दाब. आखो दाब." हितेंद्रने नख रोवलं, चंद्रकोरीसारखा वळ उठेपर्यंत रोवलं. तोतारामचा चेहरा हलला नाही. "तू हात धरेल शे का सोडी दिधा, डोया मिटीसन माले समजत नही. बोटेसले काहीच समजत नही आते. व्हटले समजस. म्हनीसन व्हट लावस." त्याने इंजिनाच्या आतल्या कोपऱ्याकडे मान केली. "पन कोपरामा तोंड जात नही. तठेच पानी येस. माले माहीत शे तठेच येस."

मग त्याने रोगाचं नाव सांगितलं. कुष्ठ. तो शब्द त्याने मराठीच्या पुस्तकातला वाचावा तसा स्वच्छ उच्चारला. हाताच्या कोपराजवळ पांढरा चट्टा होता, तो त्याने वर्षानुवर्षं रंगाचा डाग समजून पुसला होता. सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू होऊन बरेच महिने झाले. "डॉक्टर म्हने, आते कोनले लागाव नही. रोग जाई. पन बोटे परत येतीन का नही, ते सांगता येत नही." कोकिळाला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही नाही.

"तू टपरीवर काय बोलना, तेबी माले समजनं," तोताराम म्हणाला.

हितेंद्रने धरलेला हात सोडला. "मंग काबर बोलना नही? भांडना काबर नही?"

"काय बोलू?" तोतारामने बाहीने ओठांवरचं काळं पुसलं, ते गालभर पसरलं. "चोर म्हनतीन त चाली जाई. चोरनाकडथीन बी लोके काम करी लेतस. हाई समजनं त मनाकडथीन कोन करी? हिलाल चहाना कप तरी दी का माले?" चोराकडूनही लोक काम करून घेतील, कुष्ठ झालेल्याकडून नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने हितेंद्रकडे सरळ बघितलं. "ऱ्हाऊ दे तसंच. मुद्दाम करस म्हन. कोनलेच सांगू नको."

त्या दिवशी कोपऱ्यातली कड हितेंद्रने स्वतः दाबली. तोताराम बॅटरी धरून सांगत होता, अजून आत, अजून डावीकडे, आता बोट फिरव, उंचवटा लागतो का? लागतो. मग दाब. हितेंद्रला बोटाखाली तो उंचवटा लागत होता आणि दाबल्यावर नाहीसा होताना कळत होता, आणि आपल्याला कळतंय याची त्याला लाज वाटत होती. काम झाल्यावर तोतारामने डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि ठेचा. दोघे पोरवयापासून एकाच डब्यातून खात आले होते. तोतारामने भाकरीचा अर्धा भाग तोडून पुढे केला, आणि हितेंद्रचा हात थांबला. फार नाही. पापणी लवावी इतकाच. मग त्याने घास घेतला, जरा जास्तच मोठा घेतला, आणि भराभर चावला. तोताराम डब्याकडे बघत जेवत राहिला. त्याने ते बघितलं होतं. हितेंद्रला त्याबद्दल काही शंका नव्हती, आणि खूप दिवसांत त्याला ज्याबद्दल शंका नव्हती अशी ती एकच गोष्ट होती.

गाडी जळगावपर्यंत एकदाही चुकली नाही. चारही सिलिंडर एका सुरात चालले. हितेंद्रने मुकटीच्या पुढे एका पंपावर गाडी थांबवली आणि साबण मागून हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. मग स्टिअरिंग पुसलं. मग गिअरचा दांडा. पुसता पुसता त्याला आपला हात दिसला, बापाचा हात, पदराच्या गाठी उसकणारा, आणि त्याने फडकं टाकून दिलं. तरीही पुढे एरंडोलपर्यंत तो एकेक बोट इंजिनाच्या गरम झाकणावर टेकवून बघत होता. चटका बसला की बरं वाटे. दुसऱ्या दिवशी त्याने जळगावच्या एका दवाखान्यात जाऊन, एका ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने शांतपणे सांगितलं की गोळ्या चालू असल्या तर भीती नाही, सोबत जेवा, हात मिळवा. घरच्यांनी एकदा तपासून घ्यावं, एवढंच. त्याने स्वतःला तपासून घेतलं. काही नव्हतं. बाहेर पडताना त्याने त्या डॉक्टरीणबाईच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलण्याचं तिला काही कारण नव्हतं. मग तरीही आपण आबासारखे तांब्याचा वास का घेतोय, हे त्याला कळेना. रात्री सुलक्षणाने भात वाढला तेव्हा त्याने तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा हात थांबतो का, हे त्याला बघावं लागलं असतं.

पोळा झाला, गणपती बसले. तोतारामच्या दारात गवत वाढलं. हितेंद्र दर फेरीला थांबे, कोपरा स्वतः तपासे, दोन शब्द बोले. एकदा कोकिळावहिनी गॅरेजमध्ये होती. ती म्हणाली, गॅरेज विकायचं म्हणताहेत हे, आणि तोतारामने तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोलली नाही. हितेंद्र तिथून उठला आणि रस्ता ओलांडून हिलालच्या टपरीवर गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. प्रेमराज होता, आणखी दोघेतिघे होते. प्रेमराज हसून म्हणाला, "काय हितेंद्रभाऊ, परत त्याच्याकडेच जाता? आम्हाला तोडलं आणि तुम्ही मात्र आत!" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ती नजर हितेंद्रच्या ओळखीची होती. तीच त्याने कित्येक दिवस तोतारामवर ठेवली होती. ते आता विचार करत होते, की याचं आणि त्याचं काय मिटलं? खरं सांगता येत नव्हतं. मी चुकलो म्हटलं असतं तर कुणी मानलं नसतं. शब्द परत घेता येईना, आणि पुढचा शब्द सापडेना.

"मुद्दाम नाही करत तो," हितेंद्र म्हणाला. "बोटांना कळत नाही त्याच्या. मुंग्या येतात, बधिर झालीत."

"कशाने?"

हिलाल दुधावरची साय चमच्याने बाजूला करत होता. हितेंद्रची नजर साखरेच्या डब्यावर होती.

"शुगर," तो म्हणाला. "शुगर आहे त्याला. फार वाढलीय. लाजेने सांगत नाही."

एका क्षणात टपरीचा चेहरा बदलला. प्रेमराजने मांडीवर थाप मारली. "अरे देवा! माझ्या सासऱ्याचं तेच ना! पायात खिळा घुसला, म्हाताऱ्याला पत्ता नाही!" दुसरा म्हणाला, त्याच्या आईचे डोळे शुगरने गेले. तिसऱ्याला स्वतःलाच होती, त्याने खिशातली गोळी काढून दाखवली. प्रत्येकाच्या घरात शुगर होती. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड, सकाळचं चालणं. हिलाल म्हणाला, "मी मेला त्याला इतकी वर्षं साखर पाजतोय." हितेंद्र त्यांच्यामध्ये बसून ऐकत होता. त्यांना सगळं किती सोपं झालं होतं. आणि त्याच्या मनात एक थंड विचार हळूच येऊन बसला, की हे आपण तोतारामसाठी केलं की स्वतःसाठी? उद्या ते खरं नाव बाहेर पडलं असतं, तर त्याच्याबरोबर एका डब्यात जेवणाऱ्याच्या बोटांकडेही लोकांनी बघितलं असतं. त्याने चहा संपवला.

दोन दिवसांनी प्रेमराजची गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. प्रेमराजने आपल्या ड्रायव्हरला सांगितलं होतं की मिस्त्री सांगेल तसं बोट तू फिरवायचं, हात त्याला घालू द्यायचा नाही, त्याला भाजलेलं कळत नाही. हितेंद्रही आला होता. केबिनचं दार उघडं होतं. तोताराम बाहेर उभा राहून, मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता आणि आतल्या ड्रायव्हरला सांगत होता, तिसरा नंबर बघ, टोपी नीट बसलेली नाही. त्याचा आवाज पूर्वीसारखा चढा होता. हितेंद्रने त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात रस्त्यापलीकडून हिलाल स्वतः चहा घेऊन आला. इतरांसाठी कप होते, एक ग्लास वेगळा होता. खरं नाव बाहेर पडलं की काय, असं त्या वेगळ्या ग्लासकडे बघून हितेंद्रला वाटलं. पण हिलालने तो ग्लास आपल्या हाताने पुसून, दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्याला द्यावा तसा तोतारामच्या हातात दिला आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं दाबून धरली.

"जपून, गरम आहे. बिनसाखरेचा आहे, तोतारामभाऊ," हिलाल म्हणाला. "आम्हाला परक्यासारखं केलंत. शुगर आहे हे सांगायला काय झालं होतं?"

तोताराम त्याच्याकडे बघत राहिला. त्याला चहा म्हणजे पाक लागायचा. तळाशी साखर उरली नाही तर तो कप परत पाठवी, आणि यावरून हिलालशी त्याची रोजची भांडणं होत. त्याने ग्लासात बघितलं. मग मान न वळवता फक्त डोळे वळवून हितेंद्रकडे बघितलं. हितेंद्रने नजर खाली घातली नाही, पण ती वर ठेवायला त्याला कष्ट पडले. पाऊस थांबला होता. रस्त्यावरून एक एसटी पाणी उडवत गेली. प्रेमराज जांभळाच्या बियांचं सांगत होता, घरून पूड पाठवतो म्हणत होता.

तोतारामने ग्लास ओठांना लावला. एक घोट घेतला आणि त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. ते त्याने आवरलं. दुसरा घोट घेतला. मग ग्लास खाली न ठेवता, न थांबता, तो शेवटपर्यंत प्याला.

"बेस शे," तो म्हणाला आणि ग्लास हिलालला परत केला. "रोज हाऊच चहा धाडजो."